ताकदीच्या डब्याची वाटणी

मी, खाली सही करणारी, गोठ्याची मालकीण, हे मृत्युपत्र राहत्या घरी बसून पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. जखम डाव्या पायाला आहे, डोक्याला नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकण्याची हिंमत असलेला एकच माणूस होता, माझा नवरा, आणि तो माझ्याआधी सुटला.

कलम १. राहते घर मुलगा आणि सून यांना. पुढच्या खोलीतली आरामखुर्ची मात्र एकट्या सुनेची. तिला सातवा महिना लागला तरी त्या खुर्चीत बसायला मिळत नाही, कारण तिथे मी बसलेली असते.

कलम २. मोठे पितळी पातेले मुलीला. ते सध्या जाऊबाईंकडे आहे. एका दिवसासाठी म्हणून नेले, तो दिवस अजून मावळायचा आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असे वकील म्हणतात. म्हणून जाऊबाईंना मी मुद्दाम साक्षीदार केले आहे.

कलम ३. 'मास्तरीण' ही गाय कोणी विकू नये. धार काढताना तिने लाथ मारली आणि ही जखम झाली हे खरे, पण दोष तिचा नाही. माझे हात गार होते.

कलम ४. गोठा. इथे जरा सविस्तर लिहावे लागेल. आमच्याकडे डब्यात येणाऱ्या एका भुकटीला 'ताकद' म्हणतात. हे बारसे पेंडवाल्याने केले. "मावशी, पेंडीत चमचाभर ताकद टाकत जा, गुरं आजारीच पडणार नाहीत." माझ्या मुलाला हे इतके पटले की गाय शिंकली, टाक ताकद. आभाळ भरून आले, टाक ताकद. काहीच झाले नाही तर ते ताकदीमुळेच झाले नाही, म्हणून आणखी थोडी. हे आजारावरचे औषध आहे, रोजचा खुराक नव्हे, असे सांगून गुरांच्या डॉक्टरांचा घसा बसला. मुलगा त्यांना चहा पाजायचा आणि वाटेला लावायचा.

माझी जखम काही भरेना, तेव्हा इस्पितळात तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "आजी, घरी गुरं आहेत का? त्यांना काय काय देता? तुमच्या जखमेतले जंतू एकाही नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत."

मी म्हटले, "औषध कुठलं, गाईंना नुसती ताकद देतो."

"मिळाली ती जंतूंना," त्या म्हणाल्या. "रोज थोडं थोडं औषध गेलं की लेचेपेचे जंतू मरतात. निगरगट्ट तेवढे उरतात आणि वाढतात."

मला इतके हसू आले की पाय ठणकला. मग रडूही आले.

आता एकच औषध उरले आहे. ते उद्यापासून शिरेतून देणार आहेत. लागू पडले तर पाय वाचेल. नाही पडले तर पाय जाईल, आणि त्याच्या मागोमाग कदाचित मीही.

पेंडवाला परवाच 'नवी ताकद' म्हणून एक डबा ठेवून गेला. गुरांच्या डॉक्टरांनी त्यावरचे लेबल वाचले आणि मलाही वाचून दाखवले. उद्या माझ्या शिरेत जाणार, तेच औषध.

सबब, गोठा मुलाला, पण तो डबा न फोडण्याच्या अटीवर. गाय आजारी पडली तर डॉक्टर सांगतील ते औषध, सांगतील तितके दिवस, बिनदिक्कत द्यावे. धडधाकट गुरांच्या पेंडीत मात्र चिमूटभरही नको. अट मोडल्यास गोठा मुलीला. तिला शेणाचा वास सहन होत नाही, ती दुसऱ्याच दिवशी विकून मोकळी होईल, हे मुलाला ठाऊक आहे.

कलम ५. सुनेच्या पोटातल्या बाळाला द्यायला माझ्याकडे दागिने उरलेले नाहीत. त्याला मी हे शेवटचे औषध ठेवून जात आहे. ते माझ्या मालकीचे नाही, वकील हसतील, हसोत. बाळाचा गुडघा फुटेल, कान ठणकेल, कधी ताप उतरणार नाही, तेव्हा ते लागू पडावे एवढेच मला हवे आहे.

कलम ६. ताकदीचे सगळे रिकामे डबे पेंडवाल्याला. मला मावशी म्हणतो, तेव्हा भाच्याचा हक्क डावलता येत नाही.

सही: गोठ्याची मालकीण
साक्षीदार: १. जाऊबाई (पातेल्याबद्दल कुरकुर करून) २. गुरांचे डॉक्टर
स्थळ: राहत्या घरची पुढची खोली, आरामखुर्ची
दिनांक: इस्पितळात भरती होण्याच्या आदल्या दिवशी

ता. क. (यापुढे कोणी 'द' लावू नये.) वरील मजकूर मुलाला वाचून दाखवला. "म्हणजे माझ्यामुळे झालं हे सगळं?" एवढेच बोलून तो उठून गेला. तसे मी कुठेही लिहिलेले नाही, कोणी तसे वाचू नये. थोड्या वेळाने तो डबा घेऊन आला. झाकण जसेच्या तसे. त्याने तो डॉक्टरांच्या मांडीवर ठेवला आणि माझ्या पायाशी येऊन बसला. "परत आलीस की मास्तरणीची धार तूच काढायची," म्हणाला, "फक्त हात आधी शेकून घे."

सबब कलम ४ मधली अट मी रद्द करत आहे. गोठा त्याचाच. साक्षीदारांनी पुन्हा सह्या केल्या आहेत, चहाही पुन्हा झाला आहे.

कलम ५ कायम.