खुळखुळू नये म्हणून

दि. ४ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. तुझ्या वहिनीचेही आहेत, पण ती सध्या माझ्याशी बोलत नाही, म्हणून तिच्या वतीने मीच कळवतो.

कारण सांगतो. मी एक जुना रेझर घेतला, आणि तो मला फुकट मिळाला. आता त्या फुकटाचा हिशेब ऐक. भंगारवाल्याच्या घरच्या सगळ्या दारांच्या कड्या आणि मुठी पॉलिश करून द्याव्या लागल्या. त्यात रविवार गेला, आणि त्याच रविवारी तुझ्या वहिनीला तिच्या बहिणीकडे न्यायचं कबूल केलं होतं. नवा पांढरा सदरा आता पांढरा म्हणवत नाही. आणि घरात चहा टेबलावर येतो, पण आणणारी पावलं न बोलता परत जातात. एवढ्यात सोन्याचा रेझर आला असता.

पण वस्तू बघशील तर तूही माझी बाजू घेशील. भंगारवाला खिळ्यांचा डबा सरकवत होता तेव्हाच माझे कान टवकारले. लोखंडावर लोखंड पडलं की किरकिरतं. पितळ पडलं की बोलतं. डबा उपडा करायला लावला, तर आत हा. दांड्याचं बूड फिरवलं की वरची दोन झाकणं फुलपाखरासारखी उघडतात, मधे पातं ठेवायचं, उलट फिरवलं की बंद. साबणाचा थर इतका, की झाकणं उघडायला तेलात बुडवून ठेवावा लागला. भंगारवाल्याने वर आणखी एक दिला वरताळा म्हणून. तो काळाठिक्कर, जाड खरबरीत दांड्याचा, आणि उघडझाप वगैरे काही नाही, डोकं पिळून काढायचं आणि पातं ठेवायचं. त्याला कोण विचारतो.

बाबांचं तुझ्या पत्रात वाचलं. हात थरथरायला लागला म्हणून दाढी सोडली, आणि दाढी वाढली म्हणून दुकानात येणं सोडलं, हे काही बरं नाही. जावईबुवांनी आणून दिलेला तो प्लास्टिकचा रेझर पिसासारखा हलका, तो थरथरत्या हातात नाचणारच. अशा हाताला वजन हवं. हा पितळी रेझर तयार करून मी बाबांना पाठवतो. मी शिकलो नाही, पण जिन्यांचे कठडे घासता घासता धातू शिकलो आणि त्यावर कारखाना उभा केला. माझ्या बफच्या, म्हणजे पॉलिशच्या चाकाखालून गेल्याशिवाय जुन्या वस्तूला जीव येत नाही, हे कुठल्याही कारागिराला विचार.

मुलांना पापा. लोभ ठेव, वहिनीकडे माझी रदबदलीही कर.

तुझा,
दादा

दि. ११ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

वहिनीला मी वेगळं पत्र टाकलं आहे. तिची बाजू घेतली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

रेझर लवकर पाठव. चेष्टा नाही करत, दादा. बाबांना तू ओळखतोस. जन्मभर कापड बेतलं, आणि गुळगुळीत दाढी केल्याशिवाय कधी कात्रीला हात लावला नाही. खुंट वाढले की सूत अडकतं, कटिंग मास्तराने आधी स्वतःला नीट कापावं, असं म्हणायचे. आता दिवसभर मागच्या खोलीत पाठ फिरवून बसतात. पुढच्या टेबलावर त्यांची जागा मी मोकळी ठेवली आहे, तर शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे आपोआप तिथे येऊन बसायला लागले आहेत. ते बघवत नाही मला.

ह्यांनी एकदा म्हणून पाहिलं की मी करून देतो दाढी. बाबा हसले आणि म्हणाले, जावयाच्या हाती मुलगी दिली, तेवढं पुरे. न्हाव्याला घरी बोलावलं, तर त्याला पैसे दिले, चहा पाजला आणि दाढी न करताच लावून दिलं. काल त्यांचे बटणवाले मित्र भेटायला आले, तर मला सांगायला लावलं की झोपलेत. बटणवाले काका दारात उभे राहून म्हणाले, खोकला तर जागा वाटतो. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

म्हणजे प्रश्न दाढीचा नाही. स्वतःच्या हाताने झाली तरच ते बाहेर येतील, आणि बाहेर आले नाहीत तर त्या खोलीत सुकून जातील. डॉक्टरही तेच म्हणाले, जरा वेगळ्या शब्दांत.

माया आहेच, तिची पोच रेझरबरोबर दे.

तुझी,
धाकटी

दि. १९ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

सोबत पेटी आहे. ती हलक्या हाताने उघड आणि आधी डोळ्यांवर हात धर, नाहीतर दिपतील.

तेलातून काढला, गरम पाण्यात उकळला, झाकणांच्या बिजागऱ्या सुईने साफ केल्या. मुलामा उडालेला होता तो सगळा उतरवला आणि मग बफवर घेतला. डोक्यापासून बुडापर्यंत, एक कोपरा सोडला नाही. दांड्यावर कसलीशी बारीक जाळी कोरलेली होती, तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा मळ. ती घासून घासून सपाट केली, तेव्हा कुठे खरी चकाकी आली. कारखान्यातली पोरं बघायला जमली. एकाने त्यात बघून भांग पाडला. तुझी वहिनीसुद्धा पंधरा दिवसांनी पहिलं वाक्य बोलली. बरा दिसतो, म्हणाली. रेझर की मी, ते विचारायची हिंमत झाली नाही.

पेटी रेझरपेक्षा मोठी मिळाली. आत खुळखुळू नये म्हणून तो वरताळ्याचा काळा रेझर फडक्यात गुंडाळून शेजारी कोंबला आहे. तो टाकून दे किंवा दाराला अडकण म्हणून ठेव.

बाबांना म्हणावं, मुलाने स्वतःच्या हाताने केला आहे. पहिली दाढी झाली की मला लगेच कळव. आशीर्वाद मी देतो, पण कौतुक तिकडून येऊ दे.

तुझा,
दादा

दि. २७ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुला वाईट वाटेल म्हणून पत्र दोनदा फाडलं. पण तू विचारलंस, तेव्हा सांगणं भाग आहे.

रेझर बघून बाबांचा चेहरा खुलला होता. झाकणं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. सकाळी लवकर उठले, गरम पाणी मागून घेतलं, साबणाचा फेस केला. मी दाराबाहेर ब्लाउजला हुक लावायचं निमित्त करून बसले होते. पहिल्याच ओढीला दांडा ओल्या बोटांतून सटकला. कानाखाली कापलं. फार नाही, तुरटी लावली आणि थांबलं. दुसऱ्यांदा धरला, तर हातातून सुटून बादलीत पडला. दादा, तो दांडा म्हणजे नुसता मासा आहे.

बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. रेझर पुसला, पेटीत ठेवला, अर्ध्या चेहऱ्याचा फेस धुतला आणि खुर्ची पुन्हा भिंतीकडे फिरवली. दुपारी मला हाक मारून एवढंच म्हणाले, “दादाला लिही, आरसा मिळाला. आता रेझर पाठव.”

पेटी त्यांच्या उशाशीच आहे. मी उचलायला गेले तर राहू दे म्हणाले.

रागावू नकोस. माया होती तेवढीच आहे.

तुझी,
धाकटी

दि. ४ जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

रागावतो कशाला? हसलो, मग जेवण गेलं नाही. मी ओल्या साबणाच्या हातात बफ केलेली दाराची एक मूठ धरून पाहिली. ती सटकून माझ्याच पायावर पडली. हात मुळीच थरथरत नसताना. ज्या जाळीला मी मळाचं घर समजलो, ती बोटं घसरू नयेत म्हणून कोरलेली होती. तीच मी घासून टाकली. हे दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. त्याला चकचकीत करायची खाज पॉलिशवाल्याचीच लागते.

पण मी हार मानणारा नाही. लेथवाल्या खराद्याशी बोललो आहे, तो नव्या पितळी दांड्यावर खोल जाळी पाडून देईल. आत शिसं भरून वजन वाढवू. त्याच्याकडे काम तुंबलंय, तेव्हा महिना धर. शेवटी मी अगदी हलकासा, नावापुरता बफ मारीन. तुझी वहिनी मागून म्हणते आहे, हात बांधून ठेवा ह्यांचे. पण मी पुन्हा सांगतो, बफशिवाय जुन्या वस्तूला जीव नाही. तोवर बाबांना खोलीबाहेर काढायची काही युक्ती बघ. मला त्या खुर्चीचं फार मनात येतं.

लोभ अजून शिल्लक असेल तर वाढव.

तुझा,
दादा

दि. १३ जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

खराद्याला थांबव. शिसं परत दे.

परवा सकाळी मी पुढे कापड झटकत होते. मागून पावलं वाजली. मला वाटलं हे असतील. बघते तर बाबा, इस्त्रीचा सदरा, आणि दाढी साफ. गालावर कुठे ओरखडा नाही. सरळ टेबलाशी आले, गणवेशांचे गठ्ठे बाजूला सारायला लावले, बसले, आणि गळ्यातली टेप माझ्याकडे देऊन म्हणाले, “कल्ले एका रेषेत आलेत का, लावून बघ.” मी टेप लावली. दादा, डोळ्यांत पाणी असताना टेपवरचे आकडे दिसत नाहीत, तरी मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दाढी करताना बघू दिलं. रेझर ते इतरांसारखा मुठीत धरत नाहीत. कापडावर खुणेचा खडू धरतात तसा तीन बोटांत धरतात, आणि करंगळी गालावर टेकवतात. करंगळी टेकली की हात शांत. डाव्या हाताने गाल ताणतात, जसं कापड ताणायचे. मग कानापासून खाली एक सरळ रेघ. घाई नाही. मधेच थरथर आली की करंगळी टेकवूनच थांबतात आणि ती गेली की पुढे जातात. कात्रीने जमेल का, ते माहीत नाही. पण काल त्यांनी खडू मागितला.

बटणवाले काका येऊन गेले. काकांनी विचारलं, झोप झाली का? बाबा म्हणाले, झाली, आता वर्षभर लागायची नाही. दोघं दुपारपर्यंत माझ्या गिऱ्हाइकांना नावं ठेवत बसले होते. एकही गिऱ्हाईक रागावून गेलं नाही, उलट एकीने दोन झंपर जास्त टाकले.

वहिनीला माझा नमस्कार. तिला तिच्या बहिणीकडे ने. बाबांनी तुला आशीर्वाद सांगितले आहेत, आणि माझी माया त्याखाली जोडून घे.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझा चकचकीत रेझर पेटीतच आहे. बाबा दाढी करतात ती त्या काळ्याने. फडक्यातून त्यांनीच शोधून काढला. मी तो भांड्यांच्या साबणाने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने धुऊन दिला, बाकी त्याला काहीही केलेलं नाही.