सत्तर सालची चॅलेंजर

ईडन प्रेरी, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांना
आश्लेषाचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. ऑफिसात माणसं कमी करताहेत, पण आमची टीम अजून शाबूत आहे. आईला फक्त पहिलं वाक्य सांगा.

शेजारच्या कॅरलकाकूंच्या नवऱ्याने पन्नास वर्षांपूर्वी नाइलाजाने विकलेली डॉज चॅलेंजर आम्ही दोघी तीन वर्षं शोधत होतो. ते गेले, तरी काकूंनी शोध सोडला नाही. शनिवारी साउथ डकोटातल्या एका शेतकऱ्याच्या कोठारात तशी गाडी दिसली. रंग उडालेला, सीटमध्ये उंदरांची घरं.

इंजिनावरचा नंबर गंजाने वाचता येईना. शेतकरी म्हणाला, "जाऊ द्या." मी तुम्ही करता तसं आधी घासलं, मग खडू फिरवून पुसलं. आकडे पांढरे उमटले. काकूंनी ते गाडी विकतानाच्या जुन्या कागदाशी ताडले आणि बॉनेटवर डोकं टेकून रडल्या. शेतकऱ्याने गाडी त्यांना द्यायचं कबूल केलं.

"हे कुठे शिकलात?" त्याने मला विचारलं.

"नागपूरला, वडिलांच्या गॅरेजात."

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. तारीख मिळाली का?

आणि हो, त्या शेतकऱ्याने तुमचं नाव विचारलं. मग टोपी काढून, अडखळत, पण पूर्ण म्हटलं: मोरेश्वर.

तुमची,
आश्लेषा