माती गटातली मुलगी

दौंड,
९ मे १९९९

चि. प्राचीस,
कस्तुरा आत्याचे अ. आ.

दहावीची परीक्षा संपली आणि वाचायला काही नाही, म्हणून कुरकुरत होतीस ना? माझ्या किशोर कादंबरीचं दुसरं प्रकरण सोबत पाठवते. निवासी शाळेत मुलांना स्वभावावरून चार गटांत घालतात: विस्तव, वारा, पाणी, माती. पहिल्या संध्याकाळी पंगत बसते आणि स्वयंपाकीण साखरबाई नुसती बघत राहते आणि त्यावरून गट ठरवते. ताट ओढून घेणारा विस्तव, पातेल्यात डोकावून चौकशा करणारा वारा, सगळ्यांना हसवणारं पाणी. आणि सर्वांना वाढून शेवटी बसणारी बकुळा, ती माती.

बकुळा लिहिताना तूच डोळ्यांसमोर होतीस. दादा-वहिनींनाही वाचून दाखव. सम्राटला सांग, विस्तवातला हावरट मुलगा म्हणजे तो नाही. निदान पूर्णपणे नाही.

लोभ आहेच, तो पत्रातून कळवत जा.

तुझी,
आत्या


न्हावरे,
१६ मे १९९९

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

प्रकरण आवडलं, बकुळा नाही आवडली. रागावू नकोस. मी शेवटी बसते, कारण तव्यावरच्या भाकरी माझ्याकडे असतात. आई कांद्याच्या रानातून उशिरा येते. सम्राट आधी बसतो, कारण त्याला कुणी चुलीपुढं बसवत नाही. आठ दिवस बसव, तोही माती होईल. यात स्वभाव कुठं आला?

खरी अडचण पुढेच आहे. आप्पांनी प्रकरण वाचलं आणि आईला म्हणाले, की कस्तुरानं पोरीला बरोबर वळखलंय, ही घरातच शोभती. अकरावी सायन्सला मी तुझ्याकडे दौंडला येणार होते, ते आता नको म्हणतात. हिनं आजवर कधी काही मागितलंय का, असं आईला विचारतात. मी दौंड मागतेय, ते तेवढं त्यांना ऐकू येत नाही. सम्राट मला माती म्हणून हाक मारतो. काल त्याची भाकरी मी मुद्दाम करपवली.

माया कमी करू नकोस, पण बकुळेचं काहीतरी कर.

तुझी,
प्राची


दौंड,
२१ मे १९९९

ती. मच्छिंद्रदादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

माझ्या गोष्टीचा दाखला देऊन तू पोरीचं दौंडला येणं थांबवलंस, असं कळलं. चूक माझी आहे. मी तिला चुलीपुढं पाहिलं आणि तोच तिचा स्वभाव समजले. आपल्या आबांना गावजेवणात सगळ्यांच्या शेवटी, लांब बसवायचे. ते निमूट बसत. तो आबांचा स्वभाव होता असं कुणी लिहिलं असतं, तर तू तो कागद फाडला असतास.

प्रकरण नव्यानं लिहून सोबत पाठवते. आता साखरबाई सगळ्यांना पाळीपाळीनं वाढायला लावते, पाळीपाळीनं आधी बसवते, आणि मगच बघते. बकुळा कुठल्या गटात जाते ते मी लिहिलेलं नाही. मला माहीत नाही, दादा. तुलाही नाही.

वहिनीला जयभीम. रागावलास तरी पत्राचं उत्तर दे.

तुझी,
कस्तुरा


न्हावरे,
२ जून १९९९

चि. कस्तुरास,
दादाचा जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं तवा राग आला. मग तुझी रंभावहिनी म्हणाली, की रागवायचं तर रागवा, पण एकदा त्या साखरबाईसारखं करून बघा. म्हणून रविवारी पोरीला आधी बसवली. सम्राटला तव्यापुढं लावला. त्याच्या भाकरी चिरल्या, एक तर चुलीत पडली. त्यानं बहिणीला माती म्हणायचं सोडलंय. वाढायला मी होतो.

मला वाटलं, पोरगी लाजंल, उठंल. ती चांगली मांडी घालून बसली. कालवणात मीठ कमी हाय म्हणाली. भावाला म्हणाली, की जाळ जरा मागं वढ. आन् माझ्यापुढं ताट करून तिसरी भाकरी मागितली. एरवी ती दीड भाकरीवर उठती. आम्हाला वाटायचं, तिची भूकच तेवढी हाय. टोपल्यात उरायचंच तेवढं, हे इतक्या वर्सांत ध्यानात आलं न्हाई.

निकाल लागला की तिला घेऊन येतो. सायन्सला काय शिकवत्यात ते काल मी तिला इचारलं. लई वेळ सांगत होती. निम्मं मला समजलं न्हाई, पण ती थांबंना, आन् मलाबी तिला थांबवावंसं वाटलं न्हाई.

बाकी भेटीअंती. भावावरचा राग आता सोड.

तुझा,
मच्छिंद्रदादा