बाबांचे दोन माइक आणि आत्याच्या येरझारा

ती. स्व. दादास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो उभ्याउभ्याच घातला आहे, मनाने मात्र आडवा आहे असं समज.) तुझा रक्तदाब, वहिनींचा खांदा आणि तुमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ, तिघांचीही प्रकृती आता सुधारली असेल. तीन वर्षांत पत्र नाही म्हणून रागावू नकोस. तूही लिहिलेलं नाहीस, म्हणजे आळसात तरी आपण सख्खे आहोत.

लिहायचं कारण आत्या. पुढच्या महिन्यात तिच्या डाव्या हाताचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, हात चालेल, पण व्हायोलिनचं काही सांगता येत नाही. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, त्याआधी सगळं रेकॉर्ड करून ठेव, तुमच्या बाबांनी केलं होतं तसं. बाबांनी केलं होतं तसं म्हणजे दोन माइकवर, एक डावा, एक उजवा. आणि बाबा गेल्यावर काकांनी आपल्या वाटण्या केल्या, तेव्हा चार खुर्च्या दोन-दोन करण्याच्या झपाट्यात माइकही एक तुला, एक मला असे देऊन टाकले. (माइक ठेवायची पेटी माझ्याकडे आली. तिच्यात एक खळगा अजून रिकामा आहे. त्या दिवशी आपण दोघंही गप्प बसलो, कारण माइकवर बोलायला लागलो असतो तर बाकी सगळ्यावरही बोललो असतो.)

माइकची जोडी जुळलेलीच हवी हे दुकानदारांनी काढलेलं खूळ आहे, असं माझं ठाम मत. सव्वीस वर्षं सभागृहात माइक लावतोय, मला कोण शिकवणार? तिथलाच एक चांगला माइक मागून आणला, बाबांच्या माइकशेजारी लावला आणि आत्याला वाजवायला सांगितलं. गुडघ्यांमुळे गेली चार वर्षं तिची धाव पलंगापासून खुर्चीपर्यंतच आहे, पण माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ती खोलीभर येरझारा घालते. एक माइक खालचे सूर जास्त उचलतो, दुसरा वरचे; म्हणून खालचे सूर डावीकडे, वरचे उजवीकडे, आणि लय वाढली की पळतच सुटते. हेडफोन काढून तिने विचारलं, "मी कुठे निघाले होते रे?"

मी माइकांची अदलाबदल केली, तर ती उलट दिशेने पळाली. मग सभागृहातले दोन सारखे दिसणारे आणले. त्यातला एक पूर्वी कधीतरी स्टेजवरून पडलेला निघाला, त्यामुळे अर्धी आत्या शेजारच्या खोलीत गेली. शेवटी हात टेकले आणि एकाच माइकवर घेतलं. आत्या जागेवर बसली, पण म्हणाली, "मी आहे, पण आपली खोली कुठे गेली?" म्हणून बाबांची जुनी टेप लावली. मधोमध ती वाजवते आहे, डावीकडे भिंतीवरचं घड्याळ, आणि उजवीकडे आपण दोघं हळू आवाजात भांडतो आहोत. (पेन्सिलीवरून. ती माझीच होती.) ऐकताना मला फार वाईट वाटलं, दादा. फार थकलो आहे, म्हणूनही असेल.

असो. तुझ्याकडून काही नको, सहज कळवलं. वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. तुझ्याकडचा माइक वहिनी कागदांवर वजन म्हणून ठेवतात असं कानावर आलं. खरं असेल तर तिथे दुसरं काहीतरी ठेवून तो ऑपरेशनच्या आधी पाठवून दे. त्याच्याशिवाय हे काम होणार नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी पेटीच्या तळाशी बाबांची वही सापडली. ते दोन माइक त्यांनी सहा वर्षांच्या अंतराने घेतले होते. जोडी कधीच जुळत नव्हती. दर वेळी तासभर रेकॉर्डरची बटणं फिरवून ते दोघांचे आवाज जुळवून घ्यायचे. काल मीही बाबांचा माइक आणि सभागृहातला तो पहिला माइक लावून तासभर बटणं फिरवली आणि आत्या खुर्चीत बसली, खोलीही परत आली. तेव्हा माइक नको.

ता. क. ३. आत्या म्हणते, उजवी बाजू रिकामी वाटते. तिने तिथे दोन खुर्च्या मांडायला लावल्या आहेत. माझ्या वाट्याला आल्या होत्या त्याच. एकीवर मी बसतो. पेन्सिल आणून ठेवली आहे.