नदी, समुद्र आणि नवी सिस्टिम

चि. टिल्लूस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. (आता तुझं डोकं दाराच्या चौकटीला लागतं, तरी माझ्या लेखी तू टिल्लूच.) इकडे मामीचा गुडघा सोडला तर सगळे ठणठणीत. तुझी पाठ काय म्हणते? खुर्ची बदललीस का?

तू दिलेली नवी सिस्टिम काल कॉम्प्युटरवर चढवली. तू म्हणाला होतास, मामा, नुसतं नेक्स्ट नेक्स्ट करत जा. तसा गेलो, पण भाषेच्या यादीत बोट भलतीकडेच पडलं. मग बराच वेळ कॉम्प्युटर कुठल्याशा परक्या भाषेत माझ्याशी फार अदबीनं बोलत होता आणि मी मान डोलवत होतो. (व्याकरणाच्या तासाला हेच करून मी पास झालो.) शेवटी मामीनं यादीतून मराठी शोधून काढली. पुढे जुने फोटो दिसेनात. तेही सापडले, कारण माझा भरवसा नाही म्हणून मामीनं ते आधीच पेनड्राइव्हमध्ये भरून पिठाच्या डब्यावर ठेवले होते.

आता सगळं सुरळीत चालतंय, आणि तिथेच घोळ झालाय. जुनी सिस्टिम जागी व्हायला किती वेळ घ्यायची, आठवतं ना? बटण दाबलं की मामी वाटाण्याच्या शेंगा घेऊन शेजारी येऊन बसायची, विजेचं बिल बघायला म्हणून. तेवढ्या वेळात मी शाळेतली ती नदीची कविता चालीवर म्हणायचो, डोंगरापासून थेट समुद्रापर्यंत. "पुरे झाली तुमची नदी," असं मामी म्हणायची खरी, पण शेंगा संपल्या तरी उठायची नाही. आज बटण दाबलं, नदी जेमतेम डोंगर उतरतेय तोच स्क्रीन लख्ख हजर. मामीनं बिल पाहिलं आणि शेंगा घेऊन स्वयंपाकघरात गेली. उरलेली नदी मी भिंतीला ऐकवली.

तुझा,
मामा

ता. क. : खरं काम राहिलंच. ही सिस्टिम जरा हळू करता येईल का रे? फार नको, समुद्र येईपर्यंत. मामीला बोलू नकोस, ती मला खुळ्यात काढेल.

ता. क. दुसरा : मामीनं खांद्यावरून हे सगळं वाचलं. म्हणाली, "अहो, मग बंद करून परत लावा की. कुठवर आली होती नदी?" तेव्हा हळू करायचं राहू दे. फक्त एवढं कळव, की हा कॉम्प्युटर नीट बंद कुठून करायचा? सध्या दर कडव्याला मामी प्लग उपटतेय.