आत्याने दिलेल्या वर्द्यांचा खुलासा

प्रति,
मा. अग्निशमन अधिकारी,
अग्निशमन केंद्र.

विषय : आगीच्या खोट्या वर्द्यांबद्दलची ताकीद मागे घेणे व एका जवानास रजा देणेबाबत.
संदर्भ : आपले ताकीदपत्र.

महोदय,

सविनय सादर करतो की, आमच्या घरातून आपल्याकडे वारंवार वर्दी गेली, हे मान्य. परंतु पहिली खरी होती.

१. माझी अविवाहित आत्या आयुष्यभर हाताने कपडे धूत आली. तिला न विचारता मी वॉशिंग मशीन आणले. पहिल्याच दिवशी कपडे पिळताना ते थरथरत चालू लागले आणि बाथरूमच्या दाराला आतून जाऊन भिडले. आत्या आतच होती. "मी आधीच म्हटलं होतं!" एवढेच ऐकू येत होते.

२. आपले एक जवान, ज्यांना आम्ही शिडीवाले म्हणतो, खिडकीतून आत उतरले. "चादरी पिळून होईपर्यंत हात लावायचा नाही," असे आत्याने बजावल्यामुळे ते आणि आत्या दोघेही पालथ्या बादल्यांवर बसून राहिले. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. आत्याला हसता येते, हे माझ्या पत्नीला त्या दिवशी कळले.

३. तेव्हापासून आत्याला घरातले प्रत्येक यंत्र धोकादायक वाटू लागले. मिक्सर गुरगुरला, वर्दी. टोस्टरमधून पाव उडाला, वर्दी. फ्रीजमधून वाफ आली, तर "धूर, धूर!" म्हणून वर्दी. दर वेळी बंब घंटा वाजवत येई, आत्या केस विंचरून तयार असे आणि दार सताड उघडे असूनही शिडीवाले खिडकीतूनच येत.

४. आपली ताकीद आल्यावर मी जाब विचारला, "आत्या, आग नक्की लागलीय कुठे?" ती लाजली. म्हणाली, "अरे, नुसतं चहाला या असं कसं सांगू?" मी म्हटले, "अगदी असंच सांग." तिने सांगितले. शिडीवाले हेल्मेटशिवाय जिन्याने आले आणि दारात घामाघूम होऊन उभे राहिले. चहा संपायच्या आत लग्न ठरले.

५. विवाह येत्या शुक्रवारी नोंदणी कार्यालयात आहे. सबब, ताकीद रद्द व्हावी आणि त्या दिवशी त्यांना रजा मिळावी. शिवाय त्यांना जवळचे कोणी नसल्याने वराकडून साक्षीदार म्हणून आपण सही करावी, अशी त्यांची फार इच्छा आहे. जळत्या घरात ते बेधडक शिरतात, पण हे विचारायला आपल्या केबिनमध्ये शिरण्याचे धाडस त्यांना झाले नाही, म्हणून हा अर्ज.

आपला नम्र व लवकरच नात्यातला,
(सही)
आत्याचा भाचा

सोबत : आत्याचा माफीनामा (माफी सोडून सर्व मजकूर आहे).