सुतळीची गाठ

अप्पा,

आज पहाटे आपल्या बेक्कू मांजरीच्या नातीला दूधभाकरी घालून आत कोंडलं आणि तुमची आठवण झाली. डाळिंबावर बुलबुलानं पुन्हा घरटं केलंय. पिल्लं उडेपर्यंत मांजर ऊन वर आल्याशिवाय बाहेर सोडायची नाही, हा तुमचा नेम मी पाळतो. दुकानात ज्वारीची पोती, मांजरीशिवाय भागत नव्हतं. पण तिनं पाखरू मारलेलं तुम्हाला सोसायचं नाही. म्हणून वासराच्या गळ्यातलं घुंगरू सुतळीत ओवून तुम्ही बेक्कूला बांधायचात. रात्री उंदरांसाठी काढायचं, सकाळी पुन्हा बांधायचं. शेजारचे चाचा हसायचे, "सेठ, बिल्लीकू नचाते क्या?" तुम्ही म्हणायचात, "पाखराला वर्दी जाती, बस."

मी सोळा वर्षांचा होतो. मागच्या आळीतली ती भिंतीवरून म्हणाली होती, "तुमच्या मांजरीचं नशीब लई चांगलं. मला न्हाय कुणी घुंगरू दिलं." एवढंच.

दुसऱ्या दिवशी घुंगरू बांधून तुम्ही दुकानात बसलात आणि दुपारी बेक्कू मोकळ्या गळ्यानं आली, तोंडात बुलबुलाची मादी. पिल्लांना तुम्ही काडीनं भिजवलेलं पीठ भरवत बसलात. दिवस मावळेपर्यंत तिन्ही गेली. "गाठ माजीच ढिली बसली, लेका," तुम्ही म्हणालात. "हात गेला माजा."

नळदुर्गच्या बाजारात तुमच्या हातची गाठ बैलानं ओढली तरी सुटायची नाही. त्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक पोत्याला दोन-दोन गाठी मारायला लागलात. हमाल म्हणाला, "अप्पा, ज्वारी बांधताव का चोर?" तुम्ही हसला नाहीत. त्याच हिवाळ्यात तापानं गेलात.

मागच्या आळीतल्या तिचं लग्न झाल्याचं मला हैदराबादला कळलं. वर्गात कुणीतरी हसलं, त्याला बडवलं आणि कॉलेज सोडून आलो. अव्वा अजून पोटच्या लेकाशी धड बोलत नाही. मागच्या महिन्यात ती माहेरी आली होती. तिच्या लेकराच्या करदोड्यात ते घुंगरू वाजत होतं. जीव जागेवर राहिला नाही, अप्पा. आणि दुसऱ्याच क्षणी तुमचा पिठानं माखलेला हात दिसला.

हा कागद कुठं धाडणार? पेटीत ठेवतोय, बेक्कूच्या गळ्यातल्या सुतळीच्या तुकड्याशेजारी. तुमची गाठ त्यात जशीच्या तशी आहे, अजून कुणाला सुटलेली नाही. मी गाठीच्या बाजूला कातरलं होतं.